समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी : काही अनुभव, काही सूचना

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या विद्यालयाचे काही माजी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी पदवीचे निकालपत्र घेऊन आमच्याकडे येतात आणि म्हणतात, ‘‘सर, एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे. फॉर्म भरून द्या.’’ त्यांच्या या इच्छेचा आम्हास मनापासून आनंद होतो. ज्या घरांत पहिल्या पिढीने अक्षर पाहिले, त्या घरांतील मुले समाजाच्या प्रश्नांचे शास्त्र शिकू इच्छितात, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आनंदापाठोपाठ काळजीही वाटते. मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेची नोंदणी त्यापूर्वी कित्येक महिने आधीच संपलेली असते. ज्यांची मुदत शिल्लक असते तेथे निवेदन लिहावयाचे असते, आणि ते दुसऱ्या कोणी लिहून देण्याची वस्तू नाही. ही गोष्ट आम्हास उशिरा कळली. त्या उशिराची किंमत आमच्याच एका विद्यार्थिनीने मोजली. म्हणून या स्मरणिकेत गौरवपर लेखाऐवजी हा पाठ लिहावा असे आम्ही ठरविले.

एक चूक

ही विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिली. आई-वडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेला त्यांचा कोयता गाव सोडी आणि उन्हाळा लागल्यावरच परते. मुलगी हुशार होती. इतिहास विषय घेऊन तिने बी.ए. केले आणि मुंबईतील एका संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करावयाचा म्हणून ती आमच्याकडे आली. तिने स्वतः लिहिलेले निवेदन अर्ध्या पानाचे होते. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असे त्याचे पहिले वाक्य होते. आम्ही ते बाजूला ठेवले आणि एका रात्रीत नवे निवेदन लिहून काढले. त्यात महापुरुषांची नावे होती, परिवर्तनाच्या घोषणा होत्या आणि ‘शोषणाच्या संरचनात्मक मुळांवर प्रहार करण्यासाठी मी या क्षेत्राकडे वळत आहे’ असे एक वाक्य होते. त्या वाक्यावर आम्ही स्वतःच खूश होतो.

लेखी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. मुलाखतीत तिला तेच वाक्य वाचून दाखविण्यात आले आणि अगदी सौम्यपणे विचारले गेले, ‘‘संरचनात्मक म्हणजे काय? तुमच्या गावातील एखादे उदाहरण सांगा.’’ ती गप्प राहिली. नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजला जातो, आजारपणाचा दिवस खाडा म्हणून कापला जातो आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, हे सारे ज्या मुलीने घरात पाहिले होते, तिला संरचना म्हणजे काय ते सांगता आले नाही. कारण तो शब्द आमचा होता. तिला तो भेटलाच नव्हता. तिची निवड झाली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर ती आईबरोबर ऊस तोडावयास गेली.

परीक्षकांचे काही चुकले नव्हते. चूक आमची होती. आम्ही तिच्या अनुभवाला आमच्या भाषेखाली झाकून टाकले होते. अर्ज बळकट करणे म्हणजे तो भारदस्त करणे, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. अर्जाला बळ येते ते आपण जे पाहिले, जे केले आणि त्यावर जो विचार केला त्याची खरी, नेमकी नोंद देता येण्याने. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

समाजकार्य म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे

सेवेची इच्छा आणि समाजकार्याचे शिक्षण यांतील अंतर समजण्यासाठी विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग उपयोगी पडतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी प्रथम त्यालाच विचारले, की तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय? नाही, तर का नाही? मी इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी भिक्खुसंघ एकत्र बोलाविला, तेथेही चौकशी केली आणि आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करावी याचा नियमच घालून दिला.

या प्रसंगात चार पायऱ्या आहेत. दुःखिताला विचारणे, हाताने सेवा करणे, त्या अवस्थेचे कारण शोधणे आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून व्यवस्था बदलणे. केवळ दुसरी पायरी म्हणजे सेवा. चारही पायऱ्या मिळून समाजकार्य. आजच्या अभ्यासक्रमात यांनाच व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती अशी शास्त्रीय नावे आहेत. ही सहा नावे अर्जदाराला ठाऊक असावीत. मात्र पाठ म्हणून नव्हे. प्रत्येक नावासमोर आपल्या गावातील एकेक उदाहरण लिहिता आले, तर ती समजली असे मानावे.

या शिक्षणाचा इतिहासही थोडक्यात माहीत असावा. आपल्या देशात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेत सुरू झाले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्यापूर्वी नागपाड्याच्या कामगारवस्तीत काम करीत होते. पुढे हीच संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध झाली. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ चे, तर पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. १९३६ हेच बाबासाहेबांच्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणाच्या प्रकाशनाचेही वर्ष. एकाच वर्षी, एकाच शहरात समाजाच्या दुखण्याकडे पाहण्याच्या या दोन वाटा सुरू झाल्या. त्या एकमेकींना कोठे भेटतात आणि कोठे भेटत नाहीत, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी मनात बाळगावा. मुलाखतीत तो विचारला गेला नाही, तरी पुढच्या दोन वर्षांत तो त्यांना सोडणार नाही.

अनुभव आहे, त्याची नोंद नाही

आपली मुले म्हणतात, ‘‘सर, आमच्याकडे अनुभवाचे प्रमाणपत्र नाही.’’ शहरातील मुलांनी एखाद्या संस्थेत दोन महिने काम केलेले असते आणि त्याचा कागद त्यांच्याजवळ असतो. आपल्या मुलांजवळ कागद नसतो. अनुभव मात्र भरपूर असतो. भीमजयंती समितीच्या वर्गणीचा हिशोब कोणी ठेवला? आजीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन तहसील कार्यालयात कितीदा खेटे घातले? वसतिगृहाच्या भोजन समितीत भाजीवरून झालेले भांडण कसे मिटविले? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्वयंसेवक म्हणून उभे असताना हरवलेल्या मुलांना कोणत्या तंबूत नेले, आणि रांगेतील बायांची सर्वांत मोठी अडचण कोणती होती? यातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अर्जात लिहिण्याजोगे आहे. परंतु ‘मी जयंती उत्सवात सक्रिय सहभाग घेतला’ एवढेच लिहिले, तर ते वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून एक वही ठेवावी. तिच्यात आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहाव्यात : काय पाहिले, मी काय केले, काय जमले नाही, आणि त्यातून कोणता प्रश्न मनात राहिला. तिसऱ्या मुद्द्याची लाज बाळगू नये. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. साधारणपणे आठवड्यातील दोन दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काम करतो, त्याचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शकासमोर त्याची चर्चा करतो. जो अर्जदार आपल्या अपयशाकडे शांतपणे पाहू शकतो, तो या शिक्षणातून काही शिकेल असा भरवसा निवड करणाऱ्यांना वाटतो.

अनुभवाचे निरीक्षणात रूपांतर कसे करावे, याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. १९२९ साली त्या कामासाठी खानदेशात फिरत असताना धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्थानकावर बराच वेळ टांगा मिळाला नाही. अखेर एक टांगा आला, पण हाकणारा नवखा होता. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे ही घटना लिहिताना ते आपल्या वेदनेपाशी थांबत नाहीत. उशीर का झाला, हाकणारा नवखा का होता, याची त्यांनी चौकशी केली. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकावयास तयार नव्हते. पाहुण्याने पायी जाणे वस्तीतील लोकांना त्यांच्या मानाला शोभणारे वाटेना. म्हणून टांगा तेवढा मिळविला आणि आपल्यातीलच एकाला हाकावयास बसविले, असे त्यातून निष्पन्न झाले. घटनेच्या मागचे कारण आणि त्या कारणात गुंतलेली माणसे, ही दोन्ही त्यांनी साध्या शब्दांत मांडली. कोणालाही शिवी नाही, स्वतःविषयी कीव नाही. आपल्या मुलांनी निवेदन लिहिण्यास बसण्यापूर्वी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधील हे प्रकरण अवश्य वाचावे.

निवेदन लिहिताना

प्रज्ञा, शील आणि करुणा या त्रयीतील शीलाची कसोटी येथे लागते. न केलेले काम केले म्हणून लिहू नये. हा पंचशीलातील चौथ्या शीलाचा भंग तर आहेच. शिवाय मुलाखतीत त्याचा निकाल दोन प्रश्नांत लागतो. शब्दमर्यादा प्रत्येक संस्थेची निरनिराळी असते, ती पाळावी. रचना मात्र सर्वत्र साधारण अशी ठेवता येते.

पहिल्या परिच्छेदात एक प्रसंग किंवा एक प्रश्न असावा, संपूर्ण जीवनकथा नसावी. दुसऱ्यात आपण प्रत्यक्ष काय केले ते क्रियापदांसह लिहावे : मोजले, विचारले, नेले, लिहून दिले, समजाविले, अडलो. तिसऱ्यात त्या कामातून आपल्याला काय कळले आणि कोणत्या ज्ञानाची उणीव जाणवली ते सांगावे. चौथ्यात हाच अभ्यासक्रम आणि हीच संस्था का, याचे उत्तर द्यावे. त्यासाठी त्या संस्थेची माहितीपुस्तिका, विषयांची यादी आणि क्षेत्रकार्याची ठिकाणे वाचलेली असली पाहिजेत. ज्याला ग्रामविकासात काम करावयाचे आहे त्याने वैद्यकीय समाजकार्याच्या शाखेला तेच निवेदन पाठविले, तर वाचणाऱ्याला ते लगेच ध्यानात येते.

दोन वाक्यांची तुलना करून पाहू. ‘माझ्या गावात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाची समस्या अत्यंत गंभीर आहे’ हे वाक्य कोणीही, कोठेही बसून लिहू शकेल. ‘आमच्या वस्तीतील २२ घरांपैकी कोणत्या घरातील कोणती मुले हंगामात मागे राहतात याची मी यादी केली, मुलगे आजीजवळ राहतात आणि मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी फडावर जाते, असे मला दिसले’ हे वाक्य ज्याने घरे मोजली तोच लिहू शकतो. दुसऱ्या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. तरीही जात, श्रम, स्त्री आणि शिक्षण हे चारही विषय त्यात आले आहेत.

आपल्या दुःखाविषयी किती लिहावे, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. आमचे मत असे, की आपली जात, गरिबी आणि अवहेलना लपवू नये आणि विकूही नये. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून लिहिलेला परिच्छेद आपल्याला दयेचा विषय करतो. आपण तर अभ्यासक होऊ इच्छितो. करुणा आणि दया यांत अंतर आहे. दया वरून खाली पाहते, करुणा शेजारी बसते. जे भोगले त्यातून जो प्रश्न निर्माण झाला, तेथपर्यंत जेवढे लिहिणे आवश्यक आहे तेवढे लिहावे. शिक्षणात खंड पडला असेल, एखाद्या विषयात नापास झाला असाल, तर कारण एका वाक्यात सांगावे आणि पुढे जावे. मजुरीसाठी घालविलेले वर्ष हे वाया गेलेले वर्ष नव्हे.

भाषेविषयीही सांगितले पाहिजे. अनेक संस्था निवेदन इंग्रजीत मागतात. आपली मुले मग इतरांची निवेदने जुळवून आपले बनवितात. असे करू नये. आधी मराठीत, घरी बोलतो त्या भाषेत संपूर्ण लिहावे. नंतर लहान लहान इंग्रजी वाक्यांत उतरवावे. व्याकरण शिक्षकाकडून तपासून घ्यावे, परंतु वाक्य बदलू देऊ नये. जो शब्द आपण उच्चारून समजावू शकत नाही, तो शब्द निवेदनात नसावा. ही सूचना आम्ही आमच्या चुकीतून शिकलो आहोत.

शिफारसपत्र कोणाचे घ्यावे

आमदारांचे, सभापतींचे किंवा एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचे पत्र मिळाले म्हणजे काम झाले, असा समज आपल्याकडे आहे. ज्याने तुम्हाला काम करताना पाहिले नाही त्याचे पत्र, त्याचे नाव कितीही मोठे असो, निरुपयोगी असते. बाबासाहेब १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले, तेव्हा प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले. सेलिग्मन नामांकित होते हे खरे. पण त्या पत्राला वजन होते ते त्यांनी या विद्यार्थ्याला आपल्या वर्गात शिकविले होते म्हणून.

तेव्हा ज्या प्राध्यापकांनी तुमचा प्रकल्प तपासला, राष्ट्रीय सेवा योजनेच्या ज्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला शिबिरात राबताना पाहिले, ज्या अधीक्षकांनी वसतिगृहातील तुमची जबाबदारी पाहिली, त्यांच्याकडे जावे. किमान महिनाभर आधी जावे आणि सोबत आपल्या कामाची एक पानाची नोंद द्यावी, म्हणजे त्यांना ‘विद्यार्थी सद्वर्तनी व होतकरू आहे’ एवढेच लिहून थांबावे लागणार नाही. शिक्षक बंधुभगिनींनाही विनंती आहे, की पत्र लिहिताना एक तरी प्रसंग लिहावा.

परीक्षा आणि वाचन

बहुतेक ठिकाणी एम.एस.डब्ल्यू.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. समाजकार्याचीच पदवी असावी अशी अट क्वचितच असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०२४ च्या प्रवेशापासून आपल्या स्वतंत्र परीक्षेऐवजी केंद्रीय सामाईक पदव्युत्तर परीक्षेचे गुण ग्राह्य धरावयास सुरुवात केली. या परीक्षेची नोंदणी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होते, म्हणजे पदवीचे शेवटचे वर्ष चालू असतानाच. इतर विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या पद्धती वेगळ्या आहेत. म्हणून ज्या चार-पाच संस्थांत अर्ज करावयाचा त्यांचे नियम दिवाळीच्या सुटीतच पाहून ठेवावेत. एकाच संस्थेवर विसंबू नये.

रोज एक मराठी आणि जमेल तसे एक इंग्रजी वृत्तपत्र वाचावे. बातमी वाचल्यावर तिच्यामागील कायदा शोधावा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, वनहक्क कायदा २००६ चा, शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा. हे कायदे नावाने माहीत असून भागत नाही. आपल्या तालुक्यात त्यांपैकी कोणता कसा लागू होतो किंवा होत नाही, हे सांगता आले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाने त्यासाठी समिती नेमली. त्या बायांपैकी कोणी आपल्या नात्यातील असतील, तर तो केवळ घरातला आजार न राहता आरोग्य, मजुरी आणि खाडा यांचा एकत्रित प्रश्न कसा होतो, हे समजून घ्यावे.

कागदपत्रे : येथेच आपली मुले अडतात

गुण असूनही एका दाखल्यावाचून जागा गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. म्हणून पुढील कामे पदवीच्या दुसऱ्या वर्षीच सुरू करावीत.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैधता प्रमाणपत्र जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते आणि त्यास वेळ लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे पाहिले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळेतील प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, जुने महसुली उतारे यांचा शोध घ्यावा. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही सांगतो, की हा शोध कंटाळवाणा मानू नका; आपल्या घराण्याचा लिखित इतिहास बहुधा एवढाच असतो.

केंद्र शासनाच्या निधीवरील संस्था केंद्रीय नमुन्यातील जातीचा दाखला मागतात. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तेव्हा आपल्या दाखल्यावर धर्म आणि जात यांची नोंद योग्य नमुन्यात आहे की नाही, ते तपासून दोन्ही नमुन्यांतील दाखले काढून ठेवावेत. त्यासोबत अधिवास प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला असावा. नावातील एका काना-मात्रेचा फरकही पुढे त्रास देतो. तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा.

पैशांच्या चिंतेने अर्जच न करणारी मुलेही आम्हास ठाऊक आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून मुंबई, पुण्यासारख्या शहरांसाठी मूळ योजनेत वर्षाला ६० हजार रुपये ठेवलेले होते. ही रक्कम वेळेवर हाती येईलच असे नाही. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करावी. माजी विद्यार्थ्यांनी यासाठी एक लहानसा फिरता निधी उभारावा, अशी आमची या निमित्ताने विनंती आहे.

मुलाखत

मुलाखत ही उलटतपासणी नव्हे. माणूस ऐकून घेतो की नाही, ठाऊक नसलेले ‘ठाऊक नाही’ असे म्हणतो की नाही, मतभेद झाल्यास तोल सांभाळतो की नाही, हे तेथे पाहिले जाते. ‘समाजसेवा आणि समाजकार्य यांत काय फरक?’, ‘आरक्षणाविषयी तुमचे मत काय?’, ‘तुमच्या मतांच्या विरुद्ध वागणाऱ्या कुटुंबाबरोबर तुम्ही काम कसे कराल?’ असे प्रश्न येऊ शकतात. तिसऱ्या प्रश्नाची तयारी आपल्या मुलांनी विशेष करावी. आपण ज्यांच्यासाठी काम करू ते सर्व आपलेच असतील असे नाही; ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर अडविले त्यांच्या घरातील आजारी मूलही आपल्यासमोर येईल. त्या वेळी काय कराल, याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. मैत्री भावनेची साधना येथे उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. सरावासाठी चार मित्रांनी एकमेकांची निवेदने वाचून प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे काय?’ आणि ‘उदाहरण सांग’ हे दोन प्रश्न विचारावेत.

शेवटी

त्या विद्यार्थिनीची हकीकत अर्धवट ठेवणे योग्य नाही. हंगाम संपवून ती परत आली, तेव्हा आम्ही तिच्यासमोर जाण्यास कचरत होतो. तीच शाळेत आली. तिच्या पिशवीत शंभर पानी वही होती. फडावरच्या कोपीत, दिव्याच्या उजेडात तिने ती लिहिली होती : बाया किती वाजता उठतात, मोळ्या कोण वाहते, खाडा कोणाच्या नावे पडतो, दुखणे आल्यास जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, कोपीत मागे राहिलेल्या मुलांकडे कोण पाहते. ती म्हणाली, ‘‘सर, गेल्या वर्षी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. या वेळी निवेदन मी लिहिते, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहा.’’

आम्ही तेवढेच केले. तिच्या निवेदनात संरचना हा शब्द कोठेही नव्हता. तिला प्रवेश मिळाला, दोन वर्षे पूर्ण झाली, आणि आज ती स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी काम करते. मागच्या हिवाळ्यात ती आपल्या वसतिगृहात आली होती. पाहुणे मुलींना विचारतात तसे ‘मोठेपणी कोण होणार?’ असे तिने विचारले नाही. पंगतीत त्यांच्या शेजारी बसून तिने विचारले, ‘‘घरी आता कोण कोण आहे?’’ एकेक मुलगी बोलू लागली. ती ऐकत होती, आणि जेवण झाल्यावर बाजूला जाऊन तिने आपली वही उघडली.

तेव्हा यापुढे जे विद्यार्थी आमच्याकडे येतील त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. फॉर्म भरून द्या म्हणून उन्हाळ्यात येऊ नका. दिवाळीत या, आणि येताना आपली वही घेऊन या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.